एका चौकटीतला पाऊस

पावसाची नोंद वाचायला बसलं की आधी चौकट बघावी. जीपीएम या उपग्रहमालेच्या आधारे नासा दर अर्ध्या तासाचा जो पाऊस प्रसिद्ध करते, त्यासाठी पृथ्वीच्या नकाशावर एक दशांश अंशाच्या चौकटी आखलेल्या आहेत. आपल्याकडे अशी एक चौकट दक्षिणोत्तर ११ आणि पूर्वपश्चिम साडेदहा किलोमीटरची भरते. १८.७ ते १८.८ अक्षांश आणि ७३.४ ते ७३.५ रेखांश घेतले की त्यात लोणावळा स्टेशन येतं, कार्ल्याची आणि भाज्याची लेणी येतात, दक्षिणेच्या कडेला लोहगडही येतो. खंडाळा आणि खोपोली पश्चिमेच्या शेजारच्या चौकटीत जातात. वडगाव पूर्वेला एक चौकट सोडून पुढच्या चौकटीत. भाज्याच्या एका टाक्यावर महारठी कोसिकीपुत्र विण्हुदत्ताने ती पाण्याची पोढी दान दिल्याचा लेख आहे, दोनेक हजार वर्षांपूर्वीचा. या चौकटीतला पाऊस साठवल्याचा लेखी पुरावा इतका जुना. मोजल्याचा त्या मानाने अगदी अलीकडचा.

मावळातल्या माणसाला ही वाटणी पटायची नाही. खंडाळा घाटमाथ्यावर, खोपोली पाचशे मीटरच्या आसपास खाली, तरी दोघांना मिळून एकच आकडा. लोणावळ्यात समोरचं दिसू नये असा पाऊस आणि त्याच वेळी कार्ला फाट्यावर नुसती रिमझिम, हे तर पावसाळ्यात नेहमीचं. पण ती दोन्ही ठिकाणं एकाच चौकटीत. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि रेल्वेने साठ-पासष्ट किलोमीटर आलं की पुण्यात तो सातशेच्या घरात येतो. इतक्या झपाट्याने पाऊस उतरत जातो अशा मुलखाला सरासरीचा एक आकडा दिला, तर तो कुठल्याच गावाचा नसतो. तरीही ही नोंद मी मोठ्या गोडीने वाचतो. ती १९९८ पासून चालू आहे, आणि तिचा आधार असलेला मुख्य उपग्रह मधे एकदा बदलला आहे. उपग्रह बदलूनही नोंद तीच कशी राहिली, ते वाचण्यात या नोंदीचा खरा रस आहे.

पहिला उपग्रह टीआरएमएम. अमेरिका आणि जपान यांनी मिळून तो नोव्हेंबर १९९७ मध्ये तानेगाशिमा बेटावरून सोडला. पाऊस मोजणारं रडार अवकाशात जाण्याची ही पहिलीच वेळ. या रडारने ढगाच्या पोटातला पाऊस अडीचशे-अडीचशे मीटरच्या थरांत उलगडून दाखवला. आयुष्य धरलं होतं तीन वर्षांचं, पण यंत्रं उत्तम चालली होती. मग ऑगस्ट २००१ मध्ये त्याला ३५० किलोमीटरवरून ४०२ किलोमीटर उंचीवर नेलं. वर हवा आणखी विरळ, त्यामुळे घर्षण कमी आणि इंधनाची बचत.

नोंद वाचताना या महिन्यावर पेन्सिलने खूण करावी. उंची वाढली तसा रडारचा जमिनीवरचा ठिपका ४.३ किलोमीटरचा ५ किलोमीटरचा झाला आणि परत येणारी लहर थोडी क्षीण झाली. अगदी हलक्या सरी त्यातून निसटू शकतात. म्हणजे ऑगस्टनंतर एखाद्या चौकटीत हलका पाऊस कमी झालेला दिसला, तर ती घट आभाळातली की ठिपक्यातली, हे आधी तपासायला हवं. नोंद सांभाळणाऱ्यांनी हा सांधा झाकला नाही. तारीख जाहीर ठेवली, हिशेबात दुरुस्ती केली, आणि काय दुरुस्त केलं तेही लिहून ठेवलं. दीर्घ नोंदीचा कस मला अशा जागी लागलेला दिसतो.

त्याहून मोठा धोका २००४ मध्ये आला. हा उपग्रह थांबवून खाली आणायचं नासाने ठरवलं होतं. जगभरातल्या हवामानशास्त्रज्ञांनी हरकत घेतली आणि त्याला मुदतवाढ मिळाली. तेव्हा तो गेला असता तर अवकाशातून पाऊस बघणारं पुढचं रडार येईपर्यंत जवळजवळ दहा पावसाळे कोरे गेले असते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तो दिवसही त्या कोऱ्या पानांत गेला असता.

जीपीएमचा मुख्य उपग्रह फेब्रुवारी २०१४ अखेर तानेगाशिमाहूनच वर गेला. टीआरएमएमचं इंधन त्या जुलैत सरलं, तो हळूहळू खाली येऊ लागला आणि जून २०१५ मध्ये वातावरणात जळून गेला. पण २०१४ च्या पावसाळ्यात दोघेही कामावर होते. माझ्या मते या सगळ्या नोंदीतलं हे सर्वांत सुंदर पान. जुन्या रडारची वारंवारता १३.८ गिगाहर्ट्‌झ होती. नव्याला दोन वारंवारता दिल्या, त्यातली एक मुद्दाम जुन्याच्या शेजारची, १३.६, आणि दुसरी हलक्या सरींसाठी ३५.५. एकाच पावसावरून दोघे थोड्या अंतराने गेले की दोघांचे आकडे शेजारी मांडायचे, फरक किती आणि कुठे पडतो ते टिपायचं, आणि मगच जुन्याला निरोप द्यायचा. हंगामही पारखायला चांगला मिळाला. जून देशभर कोरडा गेला, अख्खा मोसम सरासरीच्या ८८ टक्क्यांवर थांबला, तरी जुलैअखेर सह्याद्रीत असा पाऊस झाला की ३० तारखेला आपल्याच जिल्ह्यातलं माळीण गाव डोंगराखाली गेलं. कोरडं आणि अतोनात ओलं, दोन्ही प्रकारचं आभाळ दोन्ही उपग्रहांनी त्या एका मोसमात पाहिलं.

समुद्राच्या पातळीची नोंद ठेवणाऱ्यांनी हेच आणखी नेटकं केलं आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये सोडलेला सेंटिनेल-६ मायकेल फ्रायलिक हा उपग्रह जुन्या जेसन-३ च्या मागे अवघ्या तीस सेकंदांच्या अंतराने वर्षभराहून अधिक काळ फिरत ठेवला होता, आणि मगच मुख्य मोजणी त्याच्याकडे दिली.

आता घाटाकडे वळू. नैर्ऋत्येचा वारा अरबी समुद्रावरची ओल घेऊन कोकणपट्टी ओलांडतो आणि नागफणीसारख्या उभ्या कड्यांवर चढतो. चढता चढता गार होतो आणि ढग धरतो. हे ढग फार उंच जात नाहीत. देशावरच्या वळिवाचा ढग बारा-पंधरा किलोमीटर चढतो, त्याच्या माथ्यावर बर्फ असतो. घाटातल्या आषाढझडीचा ढग पुष्कळदा बुटका असतो. बर्फाची फारशी मदत न घेता थेंबाला थेंब मिळून तो पाऊस पाडतो. खाली पाणी धो धो, आणि वरून पाहिलं तर ढगात बघण्यासारखं काही नाही.

उपग्रहाच्या तिन्ही नजरा इथे थोड्याथोड्या कमी पडतात. आपला इन्सॅट उपग्रह अवरक्त प्रकाशात ढगाच्या माथ्याचं तापमान मोजतो आणि माथा जितका थंड तितका पाऊस मोठा, असं धरून चालतो. घाटातला ढग बुटका, माथा उबदार, म्हणून अंदाज कमी निघतो. सूक्ष्मलहरी टिपणारी यंत्रं जमिनीवरचा पाऊस ओळखताना मुख्यतः ढगातल्या बर्फाचा आधार घेतात. बर्फ नसला की त्यांची पंचाईत. रडार ढगाच्या आत बघतं खरं, पण डोंगराजवळ जमिनीचाच प्रतिध्वनी इतका मोठा येतो की तळचा किलोमीटर-दीड किलोमीटर त्यात बुडतो, आणि घाटातला थेंब मोठा होतो तो नेमका तिथेच. म्हणून सह्याद्रीच्या माथ्यावर उपग्रहाचा पाऊस बहुधा कमी भरतो. याच ढगांचा जवळून अभ्यास व्हावा म्हणून पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१२ मध्ये महाबळेश्वरला ढगांची प्रयोगशाळा उभी केली.

याच्या उलट टोकाला पर्जन्यमापक. तोंड २०० चौरस सेंटिमीटरचं, कडा जमिनीपासून ३० सेंटिमीटर वर, आणि वाचनाची वेळ सकाळी साडेआठ. त्या तोंडातून एक मिलिमीटर पाऊस आत आला की वीस मिलिलिटर पाणी जमतं. महसूल खातं चोवीस तासांत ६५ मिलिमीटर झाले की अतिवृष्टी धरतं. लोणावळ्याला जुलैत तेवढा पाऊस म्हणजे विशेष बातमी नसते. तीनशे मिलिमीटर पडले तर सहा लिटर पाणी. ते मापाच्या काचपात्रात पुन्हा पुन्हा ओतून, दर वेळी पाण्याची कड डोळ्याच्या रेषेत आणून वाचायचं, बेरीज करायची, वहीत मांडायची. आणि हे बहुतेक वेळा पाऊस चालू असतानाच.

या दोन नोंदी मी एकमेकींवर ठेवून वाचतो. समजा साडेआठला मापकाने दोनशे मिलिमीटर सांगितले आणि उपग्रहाच्या चौकटीत त्याच दिवसाचे शंभरच भरले. किती पडला यासाठी मी मापकावर विसंबेन. पण ते दोनशे कधी पडले, रात्रभर संथ की पहाटे दोन तासांत कोसळून, हे साडेआठच्या एका बेरजेत नसतं; उपग्रहाच्या अठ्ठेचाळीस अर्ध्या तासांत ते हाती लागतं. आणि वर्षांवर वर्षं रचायची म्हटली की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. नोंद दर साली एकाच रीतीने कमी भरत असेल, तरी सालोसालचा चढउतार तिच्यात खरा दिसतो. मधेच कुणी जास्त अचूक यंत्र आणलं आणि जुन्याशी ताडून न बघता चालू केलं, तर अचूकता वाढूनही नोंद मोडते. म्हणूनच २०१४ च्या त्या पानाला मी इतका भाव देतो.

उपग्रहाच्या पावसाचेही पाठ असतात. पहिला चारेक तासांत येतो, दुसरा बारा-चौदा तासांनी, आणि अंतिम पाठ साडेतीन महिन्यांनी. जुलैत आवणीवर पडलेल्या पावसाचा अंतिम पाठ येईपर्यंत मावळात इंद्रायणी भाताची कापणी होत आलेली असते. (इंद्रायणी वाण वडगावच्याच भात संशोधन केंद्राचं, १९८७ सालचं.) या अंतिम पाठात जमिनीवरच्या पर्जन्यमापकांच्या महिन्याच्या बेरजा मिसळलेल्या असतात. साडेआठला काचपात्रात वाचलेलं पाणी असं अवकाशातल्या नोंदीत जाऊन बसतं. वरची नोंद आली की खालची बंद करावी, असं म्हणणाऱ्यांनी हा अंतिम पाठ कसा तयार होतो ते एकदा पाहावं.

खालच्या नोंदीचं आपलं घराणं मोठं आहे. भारतीय हवामान खातं १८७५ चं. १९२८ मध्ये त्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आलं आणि शिवाजीनगरच्या त्या चौकाला सिमला ऑफिस हे नाव कायमचं चिकटलं. देशाच्या मोसमी पावसाची उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ३०६ पर्जन्यमापकांवरून रचलेली मालिका १८७१ पासून सुरू होते, खात्याच्या जन्माच्याही आधी. लोणावळ्यात तर पावसाचा आकडा म्हणजे धंद्याचं भांडवल. वळवण, लोणावळा, शिरोता या टाटांच्या तलावांतलं पाणी घाट उतरून खोपोलीला १९१५ पासून वीज करतं आहे.

आपल्या उपग्रहांचा हिशेब संमिश्र आहे, आणि तो तसाच सांगायला हवा. इस्रो आणि फ्रान्स यांचा मेघा-ट्रॉपिक्स ऑक्टोबर २०११ मध्ये गेला. त्याची कक्षा विषुववृत्ताशी वीस अंश कललेली, त्यामुळे आपल्या पट्ट्यावर तो दिवसातून अनेकदा यायचा. पावसासाठीचं त्याचं मुख्य यंत्र २०१३ च्या जानेवारीतच बंद पडलं. आर्द्रता मोजणारं यंत्र मात्र धरलेल्या मुदतीहून पुष्कळ जास्त चाललं. मार्च २०२३ मध्ये इस्रोने त्याला पॅसिफिकवर जबाबदारीने उतरवलं. समुद्रावरचा वारा मोजणारं ओशनसॅट-२ चं यंत्र २०१४ च्या सुरुवातीला थांबलं आणि त्याची जागा घेणारा स्कॅटसॅट-१ सप्टेंबर २०१६ मध्ये गेला. घाटावर पाऊस आणणारा वारा तोच. मधल्या तीन पावसाळ्यांत त्याची आपली स्वतःची नोंद नाही, आणि ती आता कशानेही भरून येणार नाही, याचं मला वाईट वाटतं. इन्सॅटच्या बाबतीत मात्र आपण शहाणपणाने वागलो: ३-डी २०१३ मध्ये, ३-डीआर २०१६ मध्ये, आणि ३-डीआर चालू असतानाच फेब्रुवारी २०२४ मध्ये ३-डीएस.

नोव्हेंबर २०२३ मध्ये जीपीएमलाही ४०० किलोमीटरवरून ४३५ किलोमीटरवर नेलं आहे, इंधन पुरावं म्हणूनच. तिथेही पेन्सिलची खूण करायची आहे.

जुनं आणि नवं काही काळ सोबत चालवायचं, हा नियम जमिनीवर पाळणं कमी खर्चाचं आहे. पर्जन्यमापकापासून झाड किंवा भिंत तिच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर असावी लागते. लोणावळ्यात आणि मावळात बंगले, हॉटेलं, झाडं वाढताहेत. कुठल्या ना कुठल्या मापकाची जागा हलवायची वेळ येणारच. तेव्हा नव्या जागी दुसरा मापक बसवावा, जुना जिथे आहे तिथेच राहू द्यावा, आणि निदान दोन-तीन पावसाळे रोज साडेआठला दोन्ही वाचून दोन्ही आकडे एकाच वहीत, शेजारच्या रकान्यांत लिहावेत.