स्वयंपाकघर कोणाचे? : मराठी दूरचित्रवाणी मालिकांतील स्त्री-पुरुष प्रतिमांचे साचे

बीजसंज्ञा : लिंगभाव, साचेबद्ध व्यक्तिरेखा, दैनंदिन मालिका, घरकाम, स्वावलंबन.

प्रस्तावना

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतर १९९९ मध्ये अल्फा मराठी, २००० मध्ये ई टीव्ही मराठी आणि २००८ मध्ये स्टार प्रवाह या खासगी वाहिन्या आल्या आणि दैनंदिन मालिका हा मराठी कुटुंबाच्या सायंकाळचा नित्यक्रम झाला. मालिकेचा प्रेक्षक कादंबरीच्या वाचकापेक्षा आणि नाटकाच्या प्रेक्षकापेक्षा संख्येने कितीतरी मोठा आहे. त्यात निर्माते आणि जाहिरातदार प्रामुख्याने गृहीत धरतात तो स्त्रीवर्ग होय. त्यामुळे मालिकेतील स्त्री कशी दिसते, काय बोलते आणि तिला कशाचे फळ मिळते, हे प्रश्न केवळ मनोरंजनाचे राहत नाहीत.

मालिकांतील स्त्रीप्रतिमेची चर्चा साधारणपणे 'नायिका सोशिक आहे की कणखर?' या एकाच प्रश्नाभोवती फिरते. हा प्रश्न अपुरा आहे. गेल्या काही वर्षांतील नायिका कणखर आहेत, कमावत्या आहेत, प्रसंगी घटस्फोटही घेतात. तरीही साचा मोडला असे म्हणता येत नाही. प्रस्तुत लेखात दोन वेगळे प्रश्न विचारले आहेत. नायिका कोणत्या अटीवर घराबाहेर पडते? आणि ती बाहेर पडल्यावर स्वयंपाकघर कोणाच्या हाती जाते? या प्रश्नांच्या आधारे 'माझ्या नवऱ्याची बायको' (२०१६-२०२१), 'अग्गंबाई सासूबाई' (२०१९-२०२१) आणि 'आई कुठे काय करते!' (२०१९-२०२४) या तीन लोकप्रिय मालिकांचा येथे विचार केला आहे.

साचा आणि त्याची परंपरा

छापखान्यातील ठशासाठी असलेला 'स्टिरिओटाइप' हा शब्द अमेरिकन विचारवंत वॉल्टर लिपमन यांनी १९२२ मध्ये समाजविचारात आणला. माणूस पाहण्याआधीच त्याच्याविषयी मनात तयार असलेले चित्र, असा त्याचा आशय आहे. मराठीतील 'साचा' हा शब्द त्याहून बोलका आहे, कारण साच्यातून निघालेली प्रत्येक वस्तू सारखी असते आणि साच्यात न मावणारे कापून टाकले जाते.

मराठीत या साच्याची चिकित्सा नवी नाही. ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' या पुस्तकात, जे दोष स्त्रीच्या माथी मारले जातात ते पुरुषांत नसतात काय, असा रोकडा प्रश्न विचारला होता. दुसरीकडे पतीच्या सर्व अपराधांना पोटात घालणारी पतिव्रता मराठी रंगभूमीने पूजनीय ठरवली. राम गणेश गडकरी यांच्या 'एकच प्याला' नाटकातील सिंधू हे तिचे सर्वांत प्रभावी रूप. १९९१ च्या 'माहेरची साडी' या चित्रपटाला मिळालेले यश हे त्याच प्रतिमेच्या दीर्घायुष्याचे प्रमाण होय. मालिकेतील नायिका या परंपरेची वारसदार आहे.

दूरचित्रवाणीच्या संदर्भात हा प्रश्न शासकीय पातळीवरही उपस्थित झाला होता. दूरदर्शनच्या कार्यक्रमांचा विचार करण्यासाठी १९८२ मध्ये पी. सी. जोशी यांच्या अध्यक्षतेखाली कार्यगट नेमण्यात आला. स्त्रीला केवळ दुय्यम आणि आज्ञाधारक स्वरूपात दाखवण्याच्या प्रवृत्तीवर त्याच्या अहवालात टीका आहे. पुढे खासगी वाहिन्यांची संख्या वाढली. प्रश्न मात्र जागच्या जागी राहिला.

निर्मितीची गरज म्हणून साचा

साच्याचे खापर केवळ लेखकाच्या मनोवृत्तीवर फोडणे न्याय्य ठरणार नाही. दैनंदिन मालिकेचा भाग जाहिराती वगळता सुमारे बावीस मिनिटांचा असतो. आठवड्यातून पाच-सहा भाग द्यावे लागतात आणि प्रेक्षकसंख्येचे आकडे दर आठवड्याला हाती येतात. प्रेक्षक काम करता करता, मधूनच मालिका पाहतो. अशा वेळी व्यक्तिरेखा क्षणार्धात ओळखू यावी लागते. साडी, मंगळसूत्र आणि वेणी म्हणजे सद्गुण. आखूड केस, पाश्चात्त्य पोशाख आणि इंग्रजीमिश्रित बोलणे म्हणजे धोका, ही चिन्हव्यवस्था या गरजेतून रूढ झाली आहे.

तथापि, गरज हे समर्थन होऊ शकत नाही. त्याच चौकटीत १९९९ मध्ये सुरू झालेल्या 'आभाळमाया' मालिकेने सुधा जोशी ही शिक्षित, कमावती नायिका उभी केली होती. तिचे अर्थार्जन हा तिच्या जगण्याचा गृहीत भाग होता. ते कोणत्याही आघाताचे फलित नव्हते. 'होणार सून मी ह्या घरची' (२०१३-२०१६) मधील जान्हवी बँकेत नोकरी करते, परंतु मालिकेचे नावच सांगते त्याप्रमाणे तिची खरी परीक्षा सासरच्या घरात होते. पुढच्या टप्प्यावर नायिका पुन्हा पूर्णवेळ गृहिणी झाली. याला केवळ योगायोग म्हणता येणार नाही.

'माझ्या नवऱ्याची बायको' : षष्ठी विभक्तीचे राजकारण

या मालिकेच्या शीर्षकातच तिची दृष्टी आहे. 'माझ्या' आणि 'नवऱ्याची' ही दोन्ही पदे षष्ठीची आहेत. एका स्त्रीची ओळख दुसरीच्या नवऱ्यावरून आणि दुसरीची ओळखही त्याच नवऱ्यावरून. दोन स्त्रियांमधील संघर्ष ठळक होतो आणि ज्याच्यामुळे तो उद्भवला तो पुरुष व्याकरणातील दुवा म्हणून मधोमध सुरक्षित राहतो.

राधिका सुभेदार ही नागपूरकडची गृहिणी. तिचा वऱ्हाडी ढंगाचा बोलीउच्चार हा गुरुनाथला आरंभी कमीपणाचा विषय वाटतो. प्रेक्षकाला मात्र तोच तिच्या निर्मळपणाची खूण वाटू लागतो. प्रमाणभाषेच्या वर्चस्वाला मालिकेने दिलेला हा धक्का निश्चितच स्वागतार्ह आहे. गुरुनाथचे शनायाशी असलेले संबंध उघड झाल्यावर राधिका रडत बसत नाही. ती मसाल्यांचा व्यवसाय उभारते आणि यशस्वी उद्योजिका होते. लाखो गृहिणींना हा प्रवास जवळचा वाटला, यात नवल नाही. स्वयंपाकघरातल्या कौशल्याला बाजारात किंमत आहे, हे त्यातून ठसले.

परंतु या प्रवासाची अट लक्षात घेतली पाहिजे. राधिकेला व्यवसाय करण्याची मोकळीक कथानक केव्हा देते? नवऱ्याने विश्वासघात केल्यावर. त्याने तो केला नसता तर तिच्या हातची चव घराबाहेर गेलीच नसती. स्वावलंबन येथे स्त्रीचा हक्क नसून तिच्यावरील अन्यायाची भरपाई आहे. शिवाय तिचे यशही चुलीच्या परिघातलेच आहे. मसाला हा घरगुती गुणांचाच बाजारी अवतार होय. याउलट शनायाचे स्वयंपाक न येणे, खर्चीकपणा आणि नटणे-मुरडणे हे हास्याचे आणि तिरस्काराचे विषय होतात. दोघींची तुलना पुन्हा स्वयंपाकघराच्याच निकषावर होते. ताराबाईंचा प्रश्न येथे लागू पडतो : लग्नाची शपथ शनायाने मोडली नव्हती, गुरुनाथने मोडली होती.

'आई कुठे काय करते!' : श्रमाचा प्रश्न आणि सद्गुणाचे उत्तर

'श्रीमोयी' या बंगाली मालिकेवर आधारित असलेल्या या मालिकेचे मराठी शीर्षक अत्यंत मार्मिक आहे. घराघरांत सहज उच्चारले जाणारे हे वाक्य गृहिणीच्या श्रमाची अदृश्यता नेमकी पकडते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या कालविनियोग सर्वेक्षणानुसार, विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात. असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे देतात. म्हणजे शीर्षकातील उपहासाचे उत्तर जवळजवळ पाच तास असे आहे.

मालिकेच्या आरंभी अरुंधतीच्या दिनक्रमातून हे उत्तर प्रभावीपणे दिसते. घरातील प्रत्येकाच्या वेळा, पथ्ये आणि आवडीनिवडी तिला मुखोद्गत आहेत आणि तिची आवड कोणालाच ठाऊक नाही. मुले मोठी झालेली स्त्री घटस्फोट घेते, गाण्याकडे वळते आणि पुढे आशुतोषशी पुनर्विवाह करते, हे रोज रात्री कुटुंबासह पाहिले गेले, ही या मालिकेची मोठी कमाई आहे. सासरे आप्पा तिच्या पाठीशी उभे राहतात, हेही साच्याबाहेरचे आहे.

मात्र अनिरुद्ध आणि संजना यांचे संबंध उघड होताच श्रमाचा प्रश्न मागे पडतो आणि त्याची जागा सद्गुणाचा प्रश्न घेतो. 'आई इतके काम का करते?' याऐवजी 'इतक्या चांगल्या बाईवर असा प्रसंग का?' हे कथेचे केंद्र होते. अरुंधती चांगली असल्यामुळे तिला न्याय मिळतो. जी अरुंधतीइतकी समंजस, क्षमाशील आणि निष्कलंक नाही, तिच्या पाच तासांचे काय, या प्रश्नाला मालिकेकडे उत्तर नाही.

स्वयंपाकघराची निकड अरुंधती बाहेर पडल्यावरही संपत नाही. देशमुखांच्या घरात ती जबाबदारी सासू कांचन, सून अनघा, घरकामाला येणारी विमल आणि पुढे अनिरुद्धची पत्नी झालेली संजना यांच्याभोवतीच फिरत राहते. संजनाची व्यक्तिरेखा या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. कार्यालयात अनिरुद्धची सहकारी असलेली ही महत्त्वाकांक्षी स्त्री लग्नानंतर त्याच घरात सून म्हणून तोलली जाते आणि तुलनेचे माप असते अरुंधतीच्या हातचा स्वयंपाक. खलनायिका म्हणून आलेली संजना नकळत सांगून जाते की दोष बाईत नव्हता, जागेत होता. त्या जागेवर जी उभी राहील तिची अरुंधती होणार. मालिकेतील हा सर्वांत सखोल आशय आहे. पण कथानक त्यावर फार काळ रेंगाळत नाही.

पुरुषांचे साचे

लिंगभावाचा साचा पुरुषालाही सोडत नाही. मालिकांत मुख्यतः तीन पुरुष आढळतात. पहिला गुरुनाथ-अनिरुद्ध यांच्यासारखा अपराधी पती. त्याचा अपराध 'पुरुषांचा स्वभाव' म्हणून निम्मा माफ असतो. दुसरा सौमित्र-आशुतोष यांच्यासारखा समजूतदार, वाट पाहणारा मित्र. तो नायिकेच्या सद्गुणांचे बक्षीस म्हणून येतो. तिसरा आईच्या लाडात वाढलेला मुलगा. 'अग्गंबाई सासूबाई'मधील सोहम, म्हणजेच बबड्या, हे त्याचे ठळक उदाहरण.

या मालिकेत सून शुभ्रा आपल्या विधवा सासूचे, आसावरीचे, पुन्हा लग्न व्हावे यासाठी झटते. सासू-सुनेच्या पारंपरिक वैराला दिलेले हे उत्तर मराठी मालिकांच्या इतिहासात नोंद घेण्याजोगे आहे. आसावरीचा भावी पती अभिजित राजे हा व्यवसायाने शेफ आहे. पुरुषाच्या हाती पळी दिसणे हे वरवर पाहता क्रांतिकारक वाटते. तथापि आसावरीने वर्षानुवर्षे केलेला स्वयंपाक हे कर्तव्य ठरते, तर अभिजितचा स्वयंपाक ही कला आणि प्रतिष्ठा ठरते. तिला 'शेफ' कोणी म्हणत नाही. काम तेच; ते करणाऱ्याच्या लिंगानुसार त्याचे नाव बदलते. बबड्याच्या बाबतीत तर मालिका प्रेक्षकाला हसवते आणि चिडवते, परंतु आयते ताट मिळणे हा त्याचा वैयक्तिक दोष मानते. मुलगे वाढवण्याच्या रीतीचा परिणाम म्हणून त्याकडे क्वचितच पाहते.

समारोप

या तिन्ही मालिकांनी मराठी घरातील संभाषणात काही अवघड विषय आणले. प्रौढ स्त्रीचा घटस्फोट, पुनर्विवाह आणि अर्थार्जन यांविषयी सासू, सून आणि मुलगी एकत्र बसून बोलू शकल्या, हे योगदान नाकारण्याचे कारण नाही. सिंधूपासून अरुंधतीपर्यंतचे अंतर खरे आहे. सिंधूने सोसले, अरुंधतीने घर सोडले.

तरीही साचा मोडलेला नाही, तो सरकला आहे. पूर्वी स्त्रीने घरात राहावे अशी अट होती. आता तिने बाहेर पडण्यापूर्वी स्वतःवर अन्याय झाल्याचा आणि स्वतः निर्दोष असल्याचा पुरावा द्यावा, अशी अट आहे. जब्बार पटेल यांच्या 'उंबरठा' (१९८२) या चित्रपटातील सुलभा महाजन असा कोणताही पुरावा देत नाही. नवऱ्याने फसवले म्हणून नव्हे, तर आपल्याला काम करायचे आहे म्हणून ती महिलाश्रमाची नोकरी पत्करते आणि त्याची जबर किंमत मोजते. चित्रपटाने जे चार दशकांपूर्वी दाखवले, ते दैनंदिन मालिका अद्याप टाळते, कारण निष्पाप नायिकेवर प्रेम करणे प्रेक्षकाला सोपे जाते. केवळ स्वतःसाठी काही मागणाऱ्या नायिकेवर प्रेम करणे कठीण.

मालिकेतील बदल मोजण्यासाठी नायिका किती कमावते किंवा खलनायिकेला कशी धडा शिकवते, हे पाहणे पुरेसे नाही. ती सुखात असताना, कोणीही फसवलेले नसताना, एखाद्या सकाळी कामाला निघाली, तर मागे राहिलेली भाकरी कोण थापतो, हे पाहावे लागेल. ज्या मालिकेत ते काम एखादा पुरुष कौतुकाची अपेक्षा न ठेवता करील आणि कॅमेरा त्याकडे विशेष लक्षही देणार नाही, त्या मालिकेत साचा खऱ्या अर्थाने मोडला, असे म्हणता येईल.