गाळलेली दहा मिनिटे

अ‍ॅगाथा ख्रिस्तीच्या ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ (१९२६) या कादंबरीचे रहस्य घटनेपेक्षा निवेदनात दडलेले आहे. डॉ. शेपर्ड खोटे असे बोलत नाही. नवाला वीस मिनिटे असताना पत्रे आली, दहा असताना आपण निघालो, एवढेच तो नोंदवतो. मधली दहा मिनिटे वाक्यांच्या सांध्यात गडप होतात. कॅमेऱ्याला ‘मी’ नसल्याने हे मौन त्याला साधत नाही. गाळलेला प्रसंग प्रेक्षक संकलनाची नेहमीची सोय समजतो. २००० सालच्या दूरचित्रवाणी-रूपांतरात खुन्याची रोजनिशी पॉयरोच (डेव्हिड सुशे) वाचून दाखवतो. युक्ती चतुर खरी. पण रोजनिशी खुन्याची, हे आरंभीच कळल्यावर उरतो तो केवळ ‘कोण?’ हा प्रश्न. ज्याच्या शब्दावर विसंबून वाचले त्यानेच फसवले, हा कादंबरीचा आघात तेथे संभवतच नाही.