बोयानाईचे दिवे : एका साक्षीचे वाचन

साक्ष हा लेखनप्रकार आपल्याकडे फारसा अभ्यासला गेलेला नाही. चरित्र, आत्मचरित्र, प्रवासवर्णन यांची समीक्षा होते. परंतु ‘मी हे पाहिले’ एवढेच सांगणारे, कोणताही वाङ्मयीन हेतू नसलेले लेखन समीक्षकाच्या वाट्याला क्वचितच येते. वास्तविक आपल्या श्रद्धेचा पाया साक्षीवरच उभा आहे. संत लूक आपल्या शुभवर्तमानाच्या प्रारंभीच डोळ्यांनी पाहणाऱ्यांचा हवाला देतो. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही अशाच एका साक्षीचे वाचन योजिले आहे. ही साक्ष एका धर्मगुरूची आहे आणि तिचा विषय आहे आकाशात दिसलेले, आजतागायत सर्वमान्य उलगडा न झालेले दिवे.

स्थळ पापुआ. न्यू गिनी या विशाल बेटाचा आग्नेय भाग त्या काळी ऑस्ट्रेलियाच्या कारभाराखाली होता; तेथील देश १९७५ साली स्वतंत्र झाला. या बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावर, गुडइनफ उपसागराच्या काठी, बोयानाई नावाचे लहानसे गाव आहे. मागे डोंगर, पुढे समुद्र. या किनाऱ्यावर अँग्लिकन मिशनचे काम १८९१ पासून चालू होते. १९५९ साली बोयानाईच्या मिशनचे प्रमुख होते रेव्हरंड विल्यम बूथ गिल.

आकाशातील तबकड्यांच्या वार्ता त्या किनाऱ्यावर नवीन नव्हत्या. गिल यांचे स्नेही आणि शेजारच्या मिशनमधील धर्मगुरू नॉर्मन क्रटवेल हे अशा वार्ता आवडीने जमवीत असत. गिल यांच्या सहकारी शिक्षकानेही काही दिवसांपूर्वी एक वस्तू पाहिली होती. गिल मात्र साशंक होते. २६ जून १९५९ रोजी त्यांनी एका सहकारी धर्मगुरूला पत्र लिहून आपली शंका मोकळेपणी कळविली. पत्र अद्याप टपालात पडले नव्हते. त्याच सायंकाळी पावणेसातच्या सुमारास, जेवण आटोपून ते बाहेर आले आणि वायव्येच्या आकाशात त्यांना एक तेजस्वी पांढरा प्रकाश दिसला. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसरे पत्र लिहिले, आपले मत काहीसे पालटल्याचे कबूल केले आणि पहिले पत्रही पाठविण्याचा विचार कायम ठेवला. आपल्या मतांतराचा पुरावा नष्ट न करणारा साक्षीदार आम्हांस विश्वासार्ह वाटतो.

त्या रात्रीचे गिल यांचे टिपण हाच आमच्या समीक्षेचा मुख्य विषय. ते वेळेच्या नोंदींनी रचलेले आहे: समोर तास आणि मिनिटे, पुढे तुटक वाक्ये. वस्तू दिसली, ढगांत गेली, पुन्हा दिसली, वरच्या बाजूस आकृत्या हलल्या, निळसर प्रकाशाचा झोत वर गेला. रात्री अकरानंतर मुसळधार पाऊस आला, तेथे नोंदी संपतात. विशेषणे जवळपास नाहीत. देवाचा कोप, जगाचा अंत, परग्रहावरील दूत यांपैकी काहीही नाही. दुसऱ्या रात्री मिशनच्या घराबाहेर मोठा स्फोटासारखा आवाज झाला. तो नोंदवतानादेखील, आकाश भरून आले होते तेव्हा तो साधा वातावरणातील कडकडाट असू शकेल, अशी पुस्ती गिल स्वतःच जोडतात. वाचकाला भारून टाकण्याची संधी चालून आली असता तिला नकार देणे, हा या गद्याचा सर्वांत मोठा गुण होय.

तथापि गुण सांगताना दोष झाकणे बरे नव्हे. पहिल्या रात्री सहा पंचावन्नच्या नोंदीत वस्तूवर काहीतरी हलताना दिसते, तेव्हा गिल ‘माणूस’ हा शब्द प्रश्नचिन्हासह लिहितात. लगेच पुढे ‘तीन माणसे’ येतात, आणि तेथे प्रश्नचिन्ह उरलेले नाही. ती माणसे जहाजाच्या ‘डेक’वर काही करीत आहेत असेही ते लिहितात. डेक हा शब्द समुद्रकाठी राहणाऱ्याच्या ओठी सहज येणारा आहे. पण तो डोळ्यांनी पुरविलेला शब्द नाही. तो अनुभवाने, सवयीने पुरविला. एकदा डेक म्हटले की त्यावर माणसे आलीच, आणि माणसे म्हटली की दुसऱ्या दिवशी त्यांना हात करावासा वाटणारच. प्रश्नचिन्ह कोठे गळून पडले, हे शोधणे प्रत्येक साक्षीच्या वाचकाचे पहिले कर्तव्य आहे असे आम्ही मानतो.

दुसऱ्या दिवशी, २७ जूनला, सायंकाळी सहाच्या सुमारास वस्तू पुन्हा दिसली. गिल यांनी हात उंचावून हलविला. वरील एका आकृतीनेही तसेच केले. एका शिक्षकाने दोन्ही हात हलविले, तेव्हा दोन आकृत्यांनी प्रतिसाद दिला. अंधार पडल्यावर विजेरीने खुणा केल्या. वस्तू लंबकासारखी झुलली. नंतर साडेसहाला गिल जेवावयास गेले. सातला वस्तू दिसत होतीच, पण लहान झाली होती. सारे जण सायंप्रार्थनेसाठी चर्चमध्ये गेले. पाऊण तासाने बाहेर आले तो आकाश ढगांनी झाकले होते आणि वस्तू नव्हती.

या जेवणावर पुढे पुष्कळ शाई खर्ची पडली. आकाशातून कोणी हात हलवीत असता माणूस जेवावयास जाईलच कसा, असा आक्षेप संशयवादी लेखक फिलिप क्लास यांनी घेतला. गिल यांचे उत्तर साधे होते: त्यांना ते अमेरिकन किंवा ऑस्ट्रेलियन बनावटीचे एखादे यान वाटले होते. आमच्या मते हे जेवण म्हणजे या टिपणातील सर्वांत प्रामाणिक वाक्य आहे. बनाव रचणारा लेखक नायकाला उपाशी ठेवतो, रात्रभर आकाशाकडे टक लावून बसवितो. जे वाक्य आपली बाजू कमकुवत करील तेही लिहून ठेवण्याचे धैर्य सर्वांना नसते.

आता नंतरच्या वाचकांकडे वळू. ऑस्ट्रेलियाच्या हवाई दलाने चौकशी केली आणि यांतील काही दिवे तरी गुरू, शनी व मंगळ हे ग्रह असावेत, सरकत्या ढगांमुळे ते हलताना व लहानमोठे होताना दिसले असावेत, असे मत दिले. हार्वर्डचे खगोलशास्त्रज्ञ डोनाल्ड मेंझेल यांनी सारा प्रकार शुक्राच्या माथी मारला: गिल यांची दृष्टी अधू, डोळ्यांवर चष्मा नसावा, आणि पापण्यांचे केस त्यांना आकृत्यांसारखे भासले असावेत. त्या महिन्यात शुक्र सायंकाळी तेजाने तळपत होता हे खरेच. परंतु गिल यांनी शुक्राचा निर्देश वेगळा केला होता, आणि चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता. मेंझेल यांनी टिपण न वाचताच त्याचे परीक्षण लिहिले, असे म्हणावे लागते. दुसऱ्या टोकाला या विषयाचे उत्साही लेखक होते. त्यांनी ढग गाळले, पाऊस गाळला, प्रश्नचिन्ह गाळले आणि हलणारे हात तेवढे ठेवले.

या दोहोंच्या मध्ये खगोलशास्त्रज्ञ जे. ॲलन हायनेक उभे राहतात. १९७२ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी या घटनेला मानाचे स्थान दिले आणि पुढे ते स्वतः पापुआला जाऊन आले. लहान दिवे तारे व ग्रह असू शकतील, मुख्य वस्तूचा मात्र तसा उलगडा होत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. समुद्रावर प्रखर दिवे लावून मासेमारी करणाऱ्या नौकेचे प्रतिबिंब हवेच्या थरांमुळे उंच दिसले असावे, असेही मत अलीकडे मांडले गेले आहे. ‘डेक’ हा शब्द पाहता हे मत आम्हांस विचारार्ह वाटते. सिद्ध झालेले मात्र वाटत नाही.

येथवर सारे विद्वान बोलले. बोयानाईचे लोक कोठे आहेत? पहिल्या रात्री ३८ जणांनी ते दृश्य पाहिले आणि त्यांपैकी २५ प्रौढांनी निवेदनावर सह्या केल्या. त्यांत शिक्षक होते, दवाखान्यात काम करणारे होते. जगाने मात्र वाचले ते एकट्या गिल यांचे गद्य. मेंझेल म्हणतात, आपल्या धर्मगुरूने सांगितले ते या भोळ्या लोकांनी मानले. या विधानातील तुच्छता आम्हांस अमान्य आहे. पण त्यामागील प्रश्न टाळता येत नाही, आणि तो पापुआपुरता नाही.

सुमारे वीस वर्षांपूर्वी एका धर्मग्रामात सेवा करीत असताना आम्ही नव्या नळयोजनेसाठी एक निवेदन लिहिले आणि मिस्सानंतर सह्यांसाठी चर्चच्या दारात ठेवले. तासाभरात पान भरले. काही दिवसांनी एक वयस्कर बाई भेटावयास आल्या. “फादर, त्या कागदावर काय होतं हो?” त्यांनी विचारले. निवेदनात ‘जुनी विहीर आता कोणीही वापरीत नाही’ असे एक वाक्य आमच्या हातून पडले होते. बाई रोज त्याच विहिरीचे पाणी भरीत होत्या, आणि त्या वाक्याखाली त्यांची सही होती. त्या भोळ्या नव्हत्या. त्यांनी आमच्यावर विश्वास टाकला होता आणि आम्ही तो न विचारता वापरला होता. तेव्हापासून पंचवीस सह्या म्हणजे पंचवीस साक्षी असे आम्ही धरून चालत नाही. गिल यांनी आमच्यासारखी चूक केली असे सुचविण्याचा आमचा हेतू नाही. परंतु प्रत्येकाच्या तोंडचे चार शब्द वेगवेगळे लिहून जगापुढे आले असते, तर या साक्षीचे मोल कितीतरी वाढले असते.

ख्रिस्तसभेलाही असे प्रश्न सतत सोडवावे लागतात. कथित अलौकिक घटनांविषयी मे २०२४ मध्ये व्हॅटिकनने नवे नियम प्रसिद्ध केले. त्यांनुसार सर्वांत अनुकूल निर्णयदेखील सामान्यतः ‘हरकत नाही’ एवढाच असतो; घटना अलौकिक असल्याची घोषणा एरवी केली जात नाही. कोणास हा भित्रेपणा वाटेल. आम्हांस तो संत योहानाच्या शुभवर्तमानातील जन्मांधाचा धडा वाटतो. परूशी त्याला पुन्हा पुन्हा खोदून विचारतात. तो मात्र पूर्वी आंधळा होतो आणि आता दिसते, एवढेच धरून बसतो. जे ठाऊक नाही ते तो सांगत नाही, आणि जे ठाऊक आहे त्यापासून हटतही नाही.

गिल १९५९ मध्येच ऑस्ट्रेलियाला परतले. २००७ मध्ये त्यांचे निधन झाले. आपण जे लिहिले त्यापासून ते अखेरपर्यंत ढळले नाहीत. त्या दिव्यांचा उलगडा आमच्यापाशी नाही. आपल्या कुटुंबांत, वाडीवस्तीवर कोणी असे काही पाहिल्याचे सांगू लागले, तर हसण्यापूर्वी आणि हात जोडण्यापूर्वी वही घ्यावी, वेळ लिहावी, ढग होते का ते लिहावे, आणि शेजारी उभ्या असलेल्या प्रत्येकाला वेगळे बोलावून त्याच्याच शब्दांत विचारावे. त्यात धर्मगुरूचा क्रमांक शेवटचा असावा.