पाटी एक, पत्ता दुसरा

समीक्षा म्हटलं की कथा-कादंबरी डोळ्यासमोर येते. मी आज जे लिखाण घेतलंय ते रोज असंख्य लोक वाचतात, तेही अडचणीत असताना, आणि त्याची समीक्षा कोणीच करत नाही. सॉफ्टवेअरची मदतपानं. माझी तक्रार एकच आहे: पडद्यावर सेटिंगचं जे नाव दिसतं, ते मदतपानात नसतं.

विंडोजचं उदाहरण घेऊ, ते बहुतेकांच्या हाताखालून गेलंय. एखादा प्रोग्राम काढून टाकायचा आहे. विंडोज ९५ मध्ये कंट्रोल पॅनेलात त्यासाठी 'ॲड/रिमूव्ह प्रोग्राम्स' होतं. २००१ साली एक्सपी आली आणि मधली तिरकी रेघ जाऊन 'ऑर' आलं. २००७ मध्ये व्हिस्टाने त्याचं 'प्रोग्राम्स अँड फीचर्स' केलं. २०१५ मध्ये विंडोज १० ने सेटिंग्ज नावाच्या वेगळ्याच खोलीत 'ॲप्स अँड फीचर्स' मांडलं, आणि कंट्रोल पॅनेलातलं जुनं तसंच राहू दिलं. विंडोज ११ मध्ये २०२२ पासून तिथे 'इन्स्टॉल्ड ॲप्स' अशी पाटी आहे. या सगळ्या काळात आतल्या फाइलचं नाव मात्र बदललं नाही. 'रन'च्या चौकटीत ॲपविझ डॉट सीपीएल टाइप करा, आजही जुनी खिडकी उघडते. म्हणजे यंत्राशी शब्द पाळला, माणसाशी नाही. (हशा)

नाव बदललं म्हणून मी रागावलेलो नाही. 'ॲड' करायला तिथे जात होतं तरी कोण? ते नाव मुळातच फसवं होतं. आणि कंपनीने एक चांगली गोष्टही केली: स्टार्टच्या शोधात 'ॲड ऑर रिमूव्ह प्रोग्राम्स' लिहिलं तर अजून रस्ता सापडतो. पण क्लिक केल्यावर समोर येतं 'इन्स्टॉल्ड ॲप्स'. जाणकार माणूस पुढे जातो. नवखा थबकतो, आपण भलतीकडेच आलो असं समजून मागे फिरतो.

हे मागे फिरणं मी घरात पाहिलंय. मावशीला फोन बदलायचा होता. फोटोंच्या ॲपच्या मदतपानात लिहिलं होतं, 'बॅकअप चालू करा'. तिच्या फोनवर ॲप मराठीत होतं आणि तिथे शब्द होता 'साठवण'. तिने तीनदा यादी वरून खाली पाहिली. मग ठरवलं की आपल्या फोनमध्ये ती सोय नसणार. दुकानदाराने जुना फोन पुसून दिला. काकांच्या शेवटच्या वर्षातले फोटो त्यात होते. मला ती म्हणाली, "मलाच कळलं नाही बघ." तिला सगळं कळलं होतं हो. ती अक्षरं जुळवत होती, आणि अक्षरं जुळत नव्हती.

आता मराठीची खास अडचण, जिच्याकडे आपले भाषांतरकारही पुरेसं लक्ष देत नाहीत. इंग्रजीत लेबल वाक्यात घातलं तरी तसंच राहतं. आपल्याकडे विभक्ती लागली की सामान्यरूप होतं. मेनूवर 'साधने' आहे, मदतपान म्हणतं 'साधनांमध्ये जा'. पडद्यावर 'खाते', पानात 'खात्यात'. आपण वाचून समजून घेतो, पण शोधाच्या चौकटीत 'साधने' टाकलं तर 'साधनांमध्ये' हाती लागेलच असं नाही. त्यात कोणी बोलीभाषेत लिहिणारा असला की 'साधनं' आणि 'खातं'. उपाय साधा आहे: लेबलला प्रत्यय लावूच नका, शेजारच्या नामाला लावा. "'साधने' या मेनूमध्ये जा." वाक्य जरा सरकारी वाटतं, मान्य. मला ते चालेल.

दुसरा दोष कामाच्या पद्धतीत आहे. पडद्यावरची वाक्यं एका फाइलीत, मदतीची दुसऱ्या. भाषांतरकार वेगळे, वेळाही वेगळ्या. 'प्रेफरन्सेस'चं एकजण 'प्राधान्ये' करतो, दुसरा 'पसंती'. दोन्ही बरोबर, म्हणूनच कोणी हटकत नाही. खरं तर मदतपान लिहिणाऱ्याने ते लेबल हाताने टाइप करूच नये. डॉकबुक या जुन्या लेखनपद्धतीत पडद्यावरच्या नावासाठी 'जीयूआय-लेबल' अशी स्वतंत्र खूण आहे. अशी खूण असली की पानात कुठे कुठे लेबलं आहेत हे यंत्राला कळतं, आणि ती मूळ यादीशी ताडून पाहता येतात. ज्या दिवशी लेबल बदलेल त्याच दिवशी कोणती पानं शिळी झाली ते समोर येईल. बहुतेक ठिकाणी काय होतं? लेखक ते नाव नुसतं ठळक करतो. ठळक अक्षर डोळ्याला दिसतं, पण ते लेबल आहे की नुसता जोर दिलाय, हे यंत्राला त्यावरून कळत नाही.

(श्रोत्यांतून प्रश्न: मग सरळ पडद्याचं चित्रच का देऊ नये?)

द्या ना, पण चित्र सगळ्यात आधी शिळं होतं, आणि त्यातला शब्द शोधात येईल याचा भरवसा नसतो. शिवाय मराठी पानावर चित्र बहुधा इंग्रजी पडद्याचं असतं. मावशी ज्या पानाकडे बघत होती त्यावर चित्र होतं. इंग्रजी पडद्याचंच.