जॅझ, लाख आणि वाघ

माझ्याकडे जॅझच्या ३१२ रेकॉर्डी आहेत. त्या चंद्रपुरात आहेत, हे आधीच सांगितलेलं बरं. मुंबईत कुणाकडे एवढ्या रेकॉर्डी असल्या तर लोक त्याला रसिक म्हणतात. चंद्रपुरात असल्या तर 'याच्या घरी विचारणारं कोणी नाही का?' असं म्हणतात. आमच्या घरी विचारणारं माणूस आहे. "अहो, यातल्या तुम्ही ऐकता किती?" हा एकच प्रश्न ती गेली पन्नास वर्षं विचारते आहे, आणि इतका नेमका प्रश्न मी कुठल्याही नामवंत समीक्षकाच्या लेखात वाचलेला नाही.

परवा धीर करून मोजलं. मनापासून, पुन्हापुन्हा ऐकलेल्या निघाल्या एकोणीस. उरलेल्या दोनशे त्र्याण्णव मी नुसत्या जमवल्या.

तबकड्यांच्या नादी लागलेल्या माणसांच्या तीन जाती असतात. जमवणारे, ऐकणारे आणि ऐकवणारे. पहिल्या जातीचा माणूस रेकॉर्डचा क्रमांक, छापखाना आणि कव्हरचा रंग तोंडपाठ सांगतो. आत काय आहे हे विचारलंत तर त्याला राग येतो. तिसरी जात सर्वांत घातक. पाहुण्याच्या हातात चहाचा कप गेला, म्हणजे आता तो पळू शकत नाही, हे हेरून ती सुई खाली टेकवते. मी उमेदीची वर्षं पहिल्या आणि तिसऱ्या जातीत घालवली. दुसऱ्या जातीत मला एका रेंजरसाहेबांनी ओढलं, आणि तेही आलापल्लीच्या जंगलात.

१९७४ ची गोष्ट. गडचिरोली जिल्हा तेव्हा वेगळा व्हायचा होता; तो झाला १९८२ साली. मी हिशेबतपासनीस होतो आणि महिन्याकाठी मला आलापल्लीला मुक्काम पडे. लग्न व्हायचं होतं, त्यामुळे सामानात ग्रामोफोन नेला तरी अडवणारं कोणी नव्हतं. एकदा भर मे महिन्यात रेकॉर्डींची ट्रंक मीच आपल्या हाताने बसच्या टपावर चढवली. आमच्याकडे मे महिन्यात पारा सत्तेचाळीसपर्यंत जातो, हे मला चंद्रपुरात जन्मूनही सुचलं नाही. आलापल्लीला ट्रंक उघडली तेव्हा आत रेकॉर्डी नव्हत्या, पापड होते. काही तर चांगल्या फुगल्याही होत्या.

रेंजरसाहेबांनी एक पापड उचलला, उन्हात धरून पाहिला आणि विचारलं, "हे कशाचं बनवते जी?"

"ही प्लास्टिकची. पण जुन्या असतात त्या लाखेच्या."

"लाखेच्या? आपल्या पळसावरच्या?"

त्या एका प्रश्नाने माझी मुंबईहून मागवलेली सगळी विद्वत्ता जमिनीवर आली. मी पुस्तकातून 'शेलॅक' हा शब्द शिकलो होतो; ते झाडावरून येतं हे मला या गृहस्थांनी दाखवलं. पळस, बोर, कुसुम यांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे बसतात, रस शोषतात आणि अंगाभोवती राळ सोडतात. ती खरवडायची, धुवायची, वितळवायची की झाली चपडा लाख. तिच्यात दगडाची भुकटी आणि काजळी मिसळून ७८ फेऱ्यांच्या तबकड्या दाबत. आणि जगाला लागणारी बहुतेक लाख जात होती हिंदुस्थानातून. दुसऱ्या महायुद्धात तिची चणचण झाली तेव्हा अमेरिकेत जुन्या रेकॉर्डी परत घेऊन त्या वितळवत. म्हणजे १९१७ साली न्यूयॉर्कला जॅझची पहिली रेकॉर्ड निघाली ती लाखेवरच. जॅझ हिंदुस्थानात यायच्या आधी हिंदुस्थान जॅझमध्ये जाऊन बसला होता. वाजवणारे न्यू ऑर्लिन्सचे, चिकटवणारे किडे आमचे!

तरी 'आमचं' म्हणण्यासारखं एवढंच नाही. गोव्याच्या हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ 'चिक चॉकलेट' या नावाने मुंबईत ट्रंपेट फुंकत असे. लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. आपल्या पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी त्याला हाताशी धरलं आणि १९५१ च्या 'अलबेला'त तो पडद्यावरही दिसला. ज्या काकूंनी माझी रेकॉर्ड ऐकून 'हा काय गोंगाट!' म्हणून कानांवर हात ठेवले, त्या 'अलबेला' तीनदा पाहून आल्या होत्या. पुढे १९६८ साली शंकर-जयकिशननी 'रागा जॅझ स्टाइल' काढली. तोडी, भैरव, मालकंस अशा रागांवर रईस खाँची सतार आणि भोवती सॅक्सोफोन. जमवणारे ती जिवापाड जपतात. माझं मत विचाराल तर ती रेकॉर्ड शेजारशेजारच्या दोन खोल्यांत दोन रेडिओ लावल्यासारखी वाटते. दोन्ही गोड, पण मधलं दार कोणी उघडलेलं नाही. चिक आणि चितळकरांनी दारच काढून टाकलं होतं, आणि पाटी मात्र लावली नव्हती.

मुख्य गोष्ट राहिलीच. ट्रंकेतल्या तळाशी एक रेकॉर्ड शाबूत होती. आर्मस्ट्राँगने १९२८ च्या जूनमध्ये शिकागोला वाजवलेल्या 'वेस्ट एंड ब्लूज'ची, लाँगप्लेवर पुन्हा काढलेली. रेंजरसाहेबांनी ती पडवीत बसून ऐकली. सुरुवातीला लुई एकटाच ट्रंपेटवर जिना चढून उतरतो, मग बाकीची मंडळी येतात.

"दंडारीसारखंच आहे की," ते म्हणाले. "ठरलेलं बोलून झालं की गडी मनचं बोलते."

जॅझवरची पुस्तकं मी पुढे पुष्कळ वाचली. याहून थोडक्यात कोणी सांगितलेलं नाही.

पण मनचं बोललेलं तबकडीत अडकवलं की त्याचं काय होतं? आयत्या वेळी सुचलेली तान दर वेळी तशीच येणार, म्हणजे ती आयत्या वेळची राहिली कुठे? आमच्या रागसंगीतवाल्यांचीही हीच तक्रार असते, आणि तीन मिनिटांत राग कसा मांडायचा ही वर आणखी. मला ही तक्रार अर्धीच पटते. तीन मिनिटांच्या लाखेने अब्दुल करीम खाँना आणि आर्मस्ट्राँगला पाल्हाळ करू दिला नाही. नंतर लाँगप्ले आली, एका बाजूला वीस मिनिटं मिळू लागली, आणि ज्यांना तीन मिनिटांपुरतंच सुचत होतं तेही वीस मिनिटं वाजवू लागले.

शिवाय रेकॉर्ड तरी कुठे खरी असते? माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' घ्या. १९५९ साली २ मार्चला न्यूयॉर्कला तिची पहिली बाजू मुद्रित झाली, तेव्हा टेपचं यंत्र जरा हळू चाललं होतं. त्यामुळे नेहमीच्या वेगाने वाजवल्यावर सूर किंचित चढले. ही चूक सुधारून निघाली १९९२ साली. तेहेतीस वर्षं जगभरचे रसिक चढ्या सुरावर माना डोलावत होते. माझं यंत्र मात्र संध्याकाळी विजेचा दाब उतरला की आपोआप रेंगाळे. तेव्हा साऱ्या पृथ्वीवर माइल्स डेव्हिस खऱ्या सुरात वाजत होता तो बहुधा जटपुरा गेटाजवळच्या आमच्या माडीवर, असा माझा नम्र दावा आहे.

परत आलापल्लीला जाऊ. पुढल्या मुक्कामी साहेबांनी तीच रेकॉर्ड मागितली. त्याच्या पुढल्याही. शेवटच्या आवर्तनात लुई एक वरचा सूर धरतो आणि सोडतच नाही. दहा-अकरा सेकंद होतात. एके रात्री नेमक्या त्या सुरावर वनरक्षक ओरडत आला, "साहेब, वाघानं बैल मारला जी!" साहेब ताडकन उठले, कोपर यंत्राला लागलं आणि सुई चरचरत गेली.

तेव्हापासून रेकॉर्ड त्या जागी अडकू लागली. लुई सूर धरायचा आणि तबकडी तिथेच फिरत राहायची. टक्, सूर, टक्, सूर. बोटाने ढकलल्याशिवाय सुटका नाही. मला फार वाईट वाटलं. नवी घेऊ म्हणालो. साहेब म्हणाले, "राहू द्या. या गड्याचा दम तर पहा!" ढकलायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं, आणि ते बोट लावायला दर वेळी थोडा जास्त उशीर करत.

साहेब जाऊन आता बरीच वर्षं झाली. मुलाने गेल्या दिवाळीत मला फोनवर सगळं घालून दिलं. "बाबा, तुमच्या ३१२ आणि वर हवं ते. आता हे कपाट काढून टाकू या." मी त्याला 'वेस्ट एंड ब्लूज' लावायला सांगितलं. स्वच्छ आवाज, कुठे ओरखडा नाही. शेवटचं आवर्तन आलं, लुईने सूर धरला आणि माझं बोट आपोआप पुढे झालं.

सूर आपला आपण संपला. दहा-अकरा सेकंदांत. टक् नाही, वाघ नाही, काही नाही.

"छान आहे ना?" मुलाने विचारलं.

"छान आहे," मी म्हणालो. "दम कमी आहे जरा."

दोनशे त्र्याण्णव रेकॉर्डी घेऊन जा, असं मी त्याला सांगितलं आहे. एकोणीस राहतील. ही म्हणाली, "पन्नास वर्षांनी का होईना, हिशेब लागला." मग ती कपाटाशी गेली आणि तिने अडकणारी रेकॉर्ड स्वतः काढून माझ्या हातात दिली.