टोमणे मारून वजन उतरतं का? धावण्याच्या जगातलं एक गृहीतक तपासताना



पेटची तयारी करताना आपण गृहीतकाची व्याख्या पाठ करतो, प्रकार पाठ करतो. पण गृहीतकं फक्त पुस्तकात नसतात. ग्राउंडवर, जिममध्ये, सकाळी टेकडीवर एक गृहीतक रोज ऐकू येतं : जाड माणसाला टोचून बोललं की त्याला लाज वाटते, आणि लाज वाटली की तो बारीक होतो. बोलणारा याला गृहीतक म्हणत नाही. तो म्हणतो, "तुझ्या भल्यासाठीच सांगतोय." आज आपण हा दावा संशोधक म्हणून तपासू. त्याआधी दोन घटना पाहू.

मागे धावणारे आणि पुढे धावणारी

पहिली घटना लंडनची. २८ एप्रिल २०१९ रोजी तिथे मॅरेथॉन झाली. एलिउड किपचोगेने ती २ तास २ मिनिटं ३७ सेकंदांत जिंकली. त्याच शर्यतीत साडेसात तासांत अंतर पूर्ण करणाऱ्यांचा एक गट होता. त्यांना वेग राखून देण्यासाठी आयोजकांनीच एक पेसर नेमली होती. शर्यतीनंतर तिने जाहीरपणे सांगितलं की, हे लोक रस्त्यावर असतानाच आवराआवर सुरू झाली, पाण्याचे स्टॉल गुंडाळले गेले आणि काम करणाऱ्यांपैकी काहींनी धावणाऱ्यांना 'जाड', 'हळू' असे टोमणे मारले. आयोजकांनी चौकशी केली आणि माफी मागितली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. या लोकांनी कुठलाही नियम मोडला नव्हता. 'जरा व्यायाम कर' असं ज्यांना एरवी सुनावलं जातं, ते त्या क्षणी ४२ किलोमीटरचा व्यायामच करत होते. म्हणजे टोमण्याचा जो हेतू सांगितला जातो तो आधीच साध्य झाला होता, तरी टोमणा थांबला नाही.

दुसरी घटना अमेरिकेची. मेरी केन २०१३ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत अमेरिकेकडून धावली. पुढे ती नायकीच्या ओरेगॉन प्रोजेक्टमध्ये गेली. नोव्हेंबर २०१९ मध्ये तिने न्यूयॉर्क टाइम्सच्या एका व्हिडिओत आपला अनुभव मांडला. तिचं म्हणणं असं की, तिने ११४ पौंडांवर, म्हणजे सुमारे ५२ किलोवर यावं असा आग्रह होता, आणि वजन त्यापेक्षा जास्त भरलं की सहकाऱ्यांसमोर तिला लाजवलं जाई. तिची पाळी तीन वर्षं बंद होती आणि पाच हाडं मोडली. प्रशिक्षक अल्बर्टो सालाझार यांनी छळाचा आरोप नाकारला.

हाडं मोडण्यामागची यंत्रणा शरीरशास्त्राला माहीत आहे. सरावाला लागते तेवढी ऊर्जा अन्नातून मिळाली नाही की शरीर काटकसर करतं. इस्ट्रोजेन घटतं, पाळी थांबते, हाडं ठिसूळ होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला 'रेड-एस' हे नाव दिलं.

आता दोन्ही घटना शेजारी ठेवा. एकीकडे सगळ्यात मागे धावणारे लोक, दुसरीकडे देशातल्या सगळ्यात वेगवान मुलींपैकी एक. टोमणा मात्र एकच. मग वजन इथे नक्की काय मोजत होतं?

हा चल कशाच्या जागी उभा आहे?

संशोधनात आपल्याला हवी ती गोष्ट बहुतेक वेळा थेट मोजता येत नाही, म्हणून तिच्या जागी दुसरी सोपी गोष्ट मोजतो. बीएमआय हे त्याचं उत्तम उदाहरण. त्याचं सूत्र बेल्जियमचे खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केतले यांच्या १८३० च्या दशकातल्या कामातून आलं. 'सरासरी माणूस' कसा असतो हे त्यांना शोधायचं होतं, कुणा एकाची तब्येत तपासायची नव्हती. 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव अँसेल कीज आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये दिलं. मोठ्या लोकसंख्येचा अंदाज घ्यायला हे माप उपयोगी आहे. पण समोरच्या माणसाचं वजन काटा सांगतो तेव्हा त्यात चरबी किती, स्नायू किती, पाणी किती हे तो सांगत नाही. हृदय किती दमदार आहे हे तर नाहीच.

दम वेगळा मोजला तर काय दिसतं? बॅरी आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दहा अभ्यास एकत्र करून पाहिले. या अभ्यासांमध्ये तंदुरुस्ती व्यायाम-चाचणीवर मोजली होती. सामान्य वजनाच्या तंदुरुस्त लोकांच्या तुलनेत, तंदुरुस्त नसलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका साधारण दुप्पट होता, मग बीएमआय काहीही असो. जास्त वजनाच्या पण तंदुरुस्त लोकांचा धोका सामान्य वजनाच्या तंदुरुस्तांच्या जवळपासच होता. हे निरीक्षणात्मक अभ्यास आहेत. आधीच आजारी असलेला माणूस चाचणीत कमी पडू शकतो, हे विसरू नका. तरी मुद्दा गंभीर आहे. धावण्याचा फायदा मिळायला आधी बारीक व्हावं लागत नाही. त्यामुळे टोमण्यामुळे जो ग्राउंड सोडतो, तो हा फायदाच गमावतो.

मूळ गृहीतक : टोमण्याने वजन उतरतं का?

सुटिन आणि तेराचियानो यांनी २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ६,१५७ लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. २००६ मध्ये जे लठ्ठ नव्हते, पण वजनावरून भेदभाव होतो असं ज्यांनी सांगितलं, ते २०१० पर्यंत लठ्ठ होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे अडीच पट निघाली. लंडनच्या जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये इंग्लंडमधल्या २,९४४ प्रौढांची चार वर्षांची माहिती तपासली. भेदभाव अनुभवलेल्यांचं वजन सरासरी ०.९५ किलो वाढलं, बाकीच्यांचं ०.७१ किलो घटलं.

आता लगेच 'टोमण्याने लठ्ठपणा वाढतो हे सिद्ध झालं' असं लिहू नका. दोन्ही अभ्यासांतले लोक प्रामुख्याने पन्नाशीच्या पुढचे आहेत, धावपटू नाहीत. इंग्लंडच्या अभ्यासात भेदभावाचा प्रश्न दोन वजनमापनांच्या मधल्या काळात विचारला होता. वजन आधी वाढलं आणि म्हणून बोलणी खावी लागली, असंही काहींच्या बाबतीत झालेलं असू शकतं. सहसंबंध आणि कार्यकारणभाव यांतला फरक परीक्षेत सगळे लिहितात. तो इथे वापरायचा असतो.

मग प्रयोग करायचा का? लोकांचे दोन गट पाडून एका गटाला वर्षभर टोमणे मारा, असा प्रस्ताव कुठलीही नैतिकता समिती मंजूर करणार नाही. छोटे प्रयोग मात्र झाले आहेत. मेजर आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या प्रयोगात काही तरुणींना 'वजनामुळे नोकरी जाऊ शकते' अशा आशयाची बातमी वाचायला दिली, काहींना धूम्रपानाविषयीची तशीच बातमी. स्वतःला जाड समजणाऱ्या मुलींनी वजनाची बातमी वाचल्यावर जास्त कॅलरी खाल्ल्या.

म्हणजे निष्कर्ष काय? टोमण्याने वजन वाढतंच, असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा या तीन अभ्यासांत नाही. पण टोमण्याने वजन उतरतं या दाव्याला त्यातला एकही आधार देत नाही, उलट कल विरुद्ध दिशेला आहे. आणि पुरावा देण्याची जबाबदारी दावा करणाऱ्याची असते.

"पण फिजिक्सचं काय?"

हा आक्षेप रास्त आहे. हलकं शरीर पुढे न्यायला कमी ऊर्जा लागते, हे खरंच आहे. पण काट्यावरचा आकडा स्नायू आणि साठवलेली ऊर्जा गमावूनही खाली येतो, आणि त्या दोन्हींशिवाय वेग टिकत नाही. शिवाय वजन आणि वेगाचं नातं मान्य केलं तरी त्यातून अपमान उपयोगी ठरत नाही. तो वेगळा दावा आहे, त्याला वेगळा पुरावा लागेल.

नमुन्यात कोण नाही?

या विषयावर सिनॉप्सिस लिहायचा विचार असेल तर एक सापळा आधीच ओळखून ठेवा. एखाद्या रनिंग ग्रुपमध्ये प्रश्नावली वाटली तर हमखास कुणीतरी सांगेल, "मला सर बोलले म्हणूनच मी सुधारलो." तो खोटं बोलत नसेल. पण तुमची प्रश्नावली फक्त टिकलेल्यांपर्यंत पोचली आहे. बोलणी खाऊन जी मुलगी दुसऱ्या दिवसापासून आलीच नाही, ती तुमच्या नमुन्यात नाही. ग्राउंडवर अशीच निवडक माहिती वर्षानुवर्षं जमा होते आणि मग तिला 'अनुभव' म्हटलं जातं.

म्हणून डेटा गोळा करताना हजेरीपटावरून कमी झालेली नावं शोधा. त्यांच्या घरी जा, त्यांना विचारा. वजनासोबत दमही मोजा. आणि मापन करताना प्रत्येकाला एकट्याने, आडोशाला काट्यावर उभं करा. चार जणांसमोर आकडा मोठ्याने वाचलात तर ज्या गोष्टीचा अभ्यास करायला निघालात, तीच तुमच्या हातून घडेल.