आभाळ चोख, जमीन कच्ची

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातल्या माणसाला ‘इंटरस्टेलर’ दाखवला, तर यान उडायच्या आधीच तो हरकती घ्यायला लागेल. ख्रिस्तोफर नोलनच्या या 2014 च्या चित्रपटात पृथ्वीवरची पिकं एकामागून एक करप्यानं जातात. गहू गेलेला आहे, भेंडीचं शेवटचं पीक कोणीतरी पेटवून दिलंय, आता मक्यावर सगळी भिस्त. भेंडी कायमची गेली हे ऐकून अमेरिकेत कोणाला चुटपुट लागली असेल का, शंकाच आहे. आपल्याकडे नक्की लागली असती.

पण हा रोग आला कुठून, पसरतो कशामुळे, याचा पत्ता चित्रपटात लागत नाही. जळगाव जिल्ह्यात केळीवर कुकुंबर मोझॅक विषाणू येतो, शेतकरी त्याला हरण्या म्हणतात. त्याची सगळी साखळी बागायतदाराला तोंडपाठ असते: मावा, बांधावरचं तण, बागेत घेतलेलं काकडीवर्गीय आंतरपीक. रोप मुळासकट उपटायचं आणि बागेपासून लांब नेऊन गाडायचं, हेही त्याला सांगावं लागत नाही. नोलनचा करपा मात्र हवेतला नायट्रोजन ओढतो, दिसेल ते पीक मारतो आणि पुढे ऑक्सिजनही संपवणार असतो. म्हणजे रोग नव्हे, नायकाला घराबाहेर काढायचं निमित्त. चित्रपटाचे वैज्ञानिक सल्लागार किप थॉर्न यांनी जीवशास्त्रज्ञांना बोलावून यावर चर्चा घडवली होती. असा सर्वभक्षी रोग फारच असंभाव्य आहे, असंच त्यातून निघालं. त्यांनी ते चित्रपटावरच्या आपल्या पुस्तकात सरळ लिहूनही टाकलं.

आभाळाच्या बाबतीत मात्र हेच थॉर्न सूतभर हलले नाहीत. पुढे 2017 मध्ये गुरुत्वीय लहरींच्या कामासाठी त्यांना नोबेल मिळालं. त्यांनी दिलेल्या समीकरणांवरून संगणकानं ‘गार्गांटुआ’ हे कृष्णविवर रेखाटलं आणि त्या कामावर शोधनिबंधही निघाला. त्यातही एक तडजोड आहेच: भोवतालची तबकडी एका बाजूला खूप उजळ आणि दुसरीकडे मंद दिसायला हवी होती, पण प्रेक्षक गोंधळेल म्हणून ती सारखीच ठेवली. इतकं क्षम्य.

या चित्रपटाची खरी कमाई वेगळीच आहे. एका ग्रहावर तासभर थांबलं की पृथ्वीवर सात वर्षं सरतात. नायक कूपर तिथून परततो तेव्हा इकडे तेवीस वर्षं उलटलेली असतात. तो पडद्यासमोर बसतो आणि साठलेले निरोप लावतो. मुलगा मोठा होतो, लग्न करतो, बाप होतो. मग बापाची वाट पाहणं सोडून देतो. कूपर नुसता रडत राहतो. सापेक्षतेचा नियम इथे कोणी समजावत बसत नाही, तो बापाच्या अंगावर कोसळतो. त्याच चित्रपटात पुढे प्रेम हीच कशी मितींपलीकडची शक्ती आहे यावर पात्रं व्याख्यान देतात आणि कृष्णविवराच्या पोटात मुलीचं पुस्तकांचं कपाट सापडतं, तेव्हा लेखकानं हात टेकलेले स्पष्ट दिसतात.

आपल्या बाजूला काय आहे? धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्यानं पन्नासेक किलोमीटरवर मालेगाव. तिथल्या शेख नासिर यांनी ‘मालेगाव का सुपरमॅन’ केला. ट्रकला हिरवं कापड लावून त्यापुढे यंत्रमागावरच्या एका काटकुळ्या कामगाराला आडवा धरला आणि उडवला. फैजा अहमद खान यांच्या माहितीपटात ही खटपट दिसते. उड्डाण हास्यास्पद आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या गावाची घाण, तिथली गरिबी यांबद्दल काहीही गुळगुळीत नाही. हा अंतराळपट नव्हे. तरी जमिनीची जी ओळख नोलनकडे कमी पडली, ती इथे भरपूर आहे.

खरा अंतराळपट केला तो नागपूरच्या आरती कडव यांनी. ‘कार्गो’ 2019 मध्ये मुंबईच्या मामि महोत्सवात आला, 2020 मध्ये नेटफ्लिक्सवर. पुष्पक 634ए या यानात प्रहस्त नावाचा राक्षस नोकरी करतो. मेलेली माणसं रोज येतात. त्यांचं सामान जमा करून घ्यायचं, जखमा बऱ्या करायच्या, आठवणी पुसायच्या आणि पुढच्या जन्माला पाठवायचं. यमलोकाची इतकी कंटाळवाणी, सरकारी आणि म्हणूनच पटणारी कचेरी हिंदी पडद्यावर क्वचितच दिसली असेल. वरिष्ठ साहेब जुन्या धाटणीच्या पडद्यावरून बोलतात आणि ती भूमिका केली आहे ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’तल्या नंदू माधव यांनी. पडद्यावरचे दादासाहेब फाळके पुष्पकाच्या कामकाजात! पैसा थोडा आहे हे भिंती-भिंतींवर दिसतं, पण ते खुपत नाही. सरकारी यान असंच असणार.

खुपतं ते दुसरंच. मेलेली माणसं दोन-तीन मिनिटांत येतात आणि जातात. प्रत्येकाची एखादी गंमत किंवा हळहळ, की पुढचा. आठवण पुसणं हा इथला सर्वांत भयंकर नियम, पण त्याची किंमत कोणी मोजत नाही. पडद्यापुढे बसलेल्या कूपरइतकं वजन असलेला एक प्रसंग मिळाला असता, तर प्रहस्ताचा एकटेपणा सांगावा लागला नसता. विक्रांत मेस्सी आणि श्वेता त्रिपाठी बरंच सावरून नेतात, तरी उत्तरार्ध सैल पडतोच.

मराठीत जयंत नारळीकर, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे यांच्या विज्ञानकथा कित्येक दशकं पडून आहेत. नियम काय आणि त्याची झळ कोणाला, हे त्यांतल्या चांगल्या कथांत कधीच सुटत नाही. निर्माते मात्र त्या दालनाकडे फारसे फिरकत नाहीत.

कडव यांनी पुढे 2022 मध्ये ‘द अ‍ॅस्ट्रोनॉट अँड हिज पॅरट’ हा लघुपट केला. अंतराळात भरकटलेला बाप मुलीला शेवटचा निरोप देऊ पाहतो आणि संपर्क लागतो तो रस्त्यावरच्या भविष्य सांगणाऱ्याच्या पोपटाशी. ‘कार्गो’त जे निसटलं होतं ते इथे थोडक्यात हाती लागलंय. मात्र त्यांचं नाव घरोघर पोचलं ते 2025 मध्ये झी5 वर आलेल्या ‘मिसेस’मुळे, आणि ती गोष्ट आहे स्वयंपाकघराची.